बारला आधी कळतं कसं

काकूंच्या नजरेखालून गेलेली चादर पुन्हा कोणी तपासत नसे. परक्या देशात येऊन त्यांना वीसेक वर्षं झाली होती आणि त्यातली बहुतेक त्यांनी एकाच लॉन्ड्रीत उभ्या उभ्या काढली होती. शहरातल्या मोठ्या हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं तिथे धुवायला येत. धुतलेली, वाळलेली, गरम रोलरमधून सपाट होऊन निघालेली चादर शेवटी काकूंच्या टेबलावर यायची. टेबलाला वर काच आणि काचेखाली दिवे. दोन बाजूंनी दोन मुली चादर ताणून धरत, काकू या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा डोळे फिरवत आणि म्हणत, "जाऊ दे." नाहीतर, "परत." तिसरा निकाल नाही.

मुलींना जिथे काही दिसत नसे तिथे काकूंना अख्खा माणूस दिसे. "हा पलंगावर बसून जेवतो," त्या म्हणत. "आणि ही बाई रडून झोपलीय, हे बघ काजळ." मुली हसत, पण चादर परत टाकत. लॉन्ड्रीत त्यांचं नाव पडलं होतं दुर्बीण. शहरातले मराठी लोक मात्र त्यांना काकूच म्हणत, आणि त्यांच्या मिस्टरांना काका.

दुर्बीण घरी आल्यावर मिटत नसे, ही खरी अडचण. दुधाची बाटली उघडली की आधी वास घ्यायचा, मग तारीख बघायची, मग पुन्हा वास घ्यायचा. जिन्यात अनोळखी छत्री दिसली तर ती कोणाची हे कळेपर्यंत घास गोड लागत नसे. काका म्हणत, "उद्या देव प्रसन्न होऊन समोर उभा राहिला तर ही आधी त्याच्या उपरण्याची किनार उलटून बघेल."

"बघीनच," काकू म्हणत. "कोण कोणाच्या वेषात येईल, सांगता येतं का?"

त्यांचं घर पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे हातभर गॅलरी. झोपायच्या खोलीची एक भिंत शेजारच्या इमारतीला चिकटलेली. भिंतीपलीकडे पूर्वी चपलांचं गोदाम होतं. चपला गप्प असतात. मग एक दिवस गोदाम गेलं आणि बार आला. खाली बसून प्यायची जागा आणि वर, म्हणजे थेट काकूंच्या भिंतीला लागून, नाचगाण्याचा हॉल.

गाणं ऐकू आलं असतं तर निदान चांगलं की वाईट हे तरी ठरवता आलं असतं. गाणं येतच नसे, यायचे ते नुसते ठोके. भिंतीत कोणी खुंटी ठोकतंय आणि ती कधी पुरती आत जातच नाही, असे. कपाटातल्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. सिगरेट ओढायला बाहेर आलेली माणसं नेमकी खिडकीखाली उभी राहायची. थोड्याच दिवसांत काकू त्यांना आवाजावरून ओळखू लागल्या. एक खोकलेबुवा. एक रडका, तो दर शनिवारी कोणाला तरी फोनवर माफ करायचा. आणि हसताना घशातून पाणी चढल्यासारखा आवाज काढणारी एक बाई, तिचं नाव पंप. सगळे गेले की शेवटी रिकाम्या बाटल्या लोखंडी पेटीत ओतल्या जायच्या. तो आवाज आला की काकूंना वाटे, आपलंच घर कोणीतरी उचलून ओतून टाकतंय.

काकांना याचं काही नव्हतं. त्यांनी निवृत्त होईपर्यंत याच शहरात बस चालवली होती. इंजिनाशेजारी बसून बसून डावा कान गेला होता. उजव्या कुशीवर वळले की चांगला कान उशीत जायचा आणि मग आभाळ कोसळलं तरी काकांना खबर नसायची. सकाळी टवटवीत उठून विचारायचे, "झोप नाही झाली का गं?"

काकू चहाचा कप जरा जोरात ठेवत.

एवढ्यावर त्यांनी आणखी काही वर्षं काढलीही असती. पण लेकीला दिवस गेले.

लेक दुसऱ्या शहरात, आगगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर राहायची. एकुलती एक. पहिलं बाळंतपण माहेरी, यात काकूंच्या मते विचारायचं काही नव्हतंच. देश बदलला म्हणून आई बदलते का? त्यांनी लॉन्ड्रीत रजेचं बोलून ठेवलं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साड्या काढून दुपट्यांसाठी बाजूला ठेवल्या. आणि मग लेकीचा फोन आला.

"आई, माझं अजून ठरलं नाहीये गं."

"यात ठरवायचं काय?"

"सासूबाई म्हणतात इथेच राहा. मागची खोली मोकळी आहे, बाग आहे, शांत आहे. तुमच्याकडे तो बार."

"बार भिंतीपलीकडे आहे. घरात नाही."

"मागच्या वेळी आले होते तेव्हा झोप तरी लागली का मला? ठरल्यापेक्षा आधीच परत गेले. आठवतंय ना?"

आठवत होतं. बॅग भरतानाचा लेकीचा ओढलेला चेहरा काकूंच्या डोळ्यांपुढून गेला नव्हता. लेक म्हणाली, "महिनाअखेरीपर्यंत सांगते," आणि फोन ठेवला.

काकूंचा पहिला संशय गेला विहीणबाईंवर. विहीणबाई फार गोड बोलत. गेल्या भेटीत त्यांनी "तुमच्याकडे शेजारी बार आहे ना हो?" असं दोनदा विचारलं होतं, तेही अगदी काळजीने. दोनदा कशाला विचारायचं?

"नातवंडाचं पहिलं रडणं त्यांना स्वतःच्या घरात हवंय," त्या काकांना म्हणाल्या. "म्हणे बाग आहे. तान्ह्या बाळाला काय करायचीय बाग? नांगरायचीय?"

"अगं, असेल त्यांच्या मनात चांगलंच."

"तुम्हाला सगळ्यांच्या मनात चांगलंच दिसतं. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

पण विहीणबाईंचं तोंड बंद करायचं तर आधी भिंतीचं तोंड बंद करायला हवं होतं. काकू कामाला लागल्या.

पालिकेत आवाजाच्या तक्रारींचं एक खातं होतं. तक्रार नोंदवली की एखाद्या सकाळी तिथल्या कारकुनाचा फोन येई, आज संध्याकाळी आमचा माणूस यंत्र घेऊन येईल, घरी राहा. मग तो माणूस येई, भिंतीपाशी तिपाई मांडून त्यावर यंत्र ठेवी आणि आकडा चढायची वाट बघत बसे.

पहिल्यांदा आला तो शुक्रवारी. शुक्रवार हा बारचा हुकमी वार. काकूंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, स्वतः समोर बसल्या. आणि भिंत गप्प. इतकी गप्प, की बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीवर पेंगणाऱ्या काकांचं घोरणं तेवढं यंत्राने पकडलं.

"बाई, हा आवाज मर्यादेत आहे," तो माणूस गंभीरपणे म्हणाला.

तो रस्त्याच्या वळणापर्यंत पोचला असेल नसेल, कपाटातल्या वाट्या किणकिणू लागल्या.

दुसऱ्या वेळीही तेच. या खेपेला जाताना त्या माणसाने काकूंकडे असं पाहिलं, जसं काकू चादरीकडे बघत. ते त्यांना फार लागलं. पण त्या बघण्यानेच त्यांच्या डोक्यातला दिवाही लागला. यंत्र येणार हे बारला आधी कळतं. कोणीतरी कळवतं.

आता काकूंनी अख्खी इमारत काचेवर ताणून धरली.

पहिला वॉचमन. यंत्रवाल्याची गाडी आत घ्यायला मागचं फाटक तोच उघडायचा, म्हणजे त्याला आधी सांगावं लागे. हल्ली तो शीळ घालत जिना झाडायचा, आणि त्याच्या पायात नवे बूट आले होते. दुसरी वरच्या मजल्यावरची पियानो शिकवणारी बाई. काकूंनी तिला साक्षीला बोलावलं होतं तर ती म्हणाली होती, "मला तसा फारसा त्रास होत नाही." जिचं पोट कानांवर चालतं तिला त्रास होत नाही? तिसरा खुद्द पालिकेतला कारकून. त्याचा आवाजच तेलकट होता.

"माझं नाव नाही घेतलंस," काका पेपरातून डोकं वर काढून म्हणाले.

"तुम्हाला काही ऐकू येत नाही. तुम्ही काय सांगणार कोणाला?"

काका पुन्हा पेपरात गेले.

काकूंनी सापळा लावला. काकांना यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते जिन्यात कोणाला तरी बघून हसले असते आणि डाव उधळला असता. एका सकाळी त्यांनी वॉचमनला गाठून हळूच सांगितलं, "उद्या यंत्रवाला येतोय बरं का. फाटक उघडं ठेवा. आणि कोणाकडे बोलू नका." येणार कोणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू भिंतीला तळवा लावून बसल्या. ठोके नेहमीसारखे, किंबहुना जरा उत्साहातच. वॉचमन सुटला. पुढच्या आठवड्यात हीच गोळी त्यांनी पियानोवालीला दिली. ती म्हणाली, "बरं झालं," आणि त्या संध्याकाळी पंप इतकी हसली की रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. पियानोवालीही सुटली.

दोन निर्दोष माणसं सापडली याचा काकूंना आनंद झाला नाही. कापडावर डाग आहे हे नक्की आणि कुठे ते दिसत नाही, अशी त्यांची गत झाली. आता उरला कारकून.

त्याचा पुढचा फोन आला तो लॉन्ड्रीत, जेवणाच्या सुट्टीत. आज संध्याकाळी माणूस येतोय. काकूंनी "बरं" म्हटलं आणि ठरवलं, आज भिंतीलासुद्धा सांगायचं नाही. भिंत आज गप्प राहिली की कारकून पकडला गेला. वॉचमनला न सांगता त्यांनी यंत्रवाल्याला गाडी लांब लावून चालत यायला सांगितलं.

घंटा वाजली तेव्हा काका आरामखुर्चीत होते. यंत्र बघून ते ताडकन उठून बसले.

"अगं, आज येणार होते हे? बोलली नाहीस."

"राहिलं बोलायचं."

भिंतीतून धम, धम, धम येत होतं. यंत्रवाल्याने तिपाई मांडली, यंत्र ठेवलं, आणि आकडा असा चढला की तो स्वतःच पुढे वाकून बघू लागला. वाट्या किणकिणल्या. काकूंना ते किणकिणणं पहिल्यांदाच गोड वाटलं. "लिहा," त्या म्हणाल्या. "नीट लिहा." तो लिहीत होता.

इतक्यात काका बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "मी जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो गं."

काकूंचा आनंद जागच्या जागी थिजला. कारकून निर्दोष होता. त्याला आज सगळं माहीत होतं आणि तरी भिंत ठणठणीत वाजत होती. सुटलेले सोडले तर आज हे फक्त एका माणसाला माहीत नव्हतं. तो माणूस आत्ता एका पायात बूट घालून दारात उभा होता.

"बसा," काकू म्हणाल्या.

काका बसले.

यंत्रवाला गेला. काकूंनी दार लावलं, त्याला पाठ टेकली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"अहो, माझ्याकडे बघून बोला."

काकांनी आधी बूट काढला. "तू बसशील का जरा?"

"मला उभ्याने बरं ऐकू येतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. निवृत्तीनंतर काका रोज दुपारी वाचनालयात जातात, असं काकूंना माहीत होतं. सुरुवातीला जातही होते. "पण तिथे बोलता येत नाही गं," काका म्हणाले. "जरा काही म्हटलं की ती बाई ओठांवर बोट ठेवते. जन्मभर माणसांनी भरलेली गाडी चालवली मी. गप्प बसून बसून जीभ जड झाली." एका दुपारी बारचा मालक दारातलं पिंप एकट्याने हलवत होता. काकांनी हात लावला. मालकाने आत बोलावलं. दुपारी तिथे गाणं नसतं, दोनचार म्हातारे असतात. त्यातला एक काकांच्याच डेपोतला निघाला. पत्त्यांचा डाव पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला.

"मला तिथे ड्रायव्हरसाहेब म्हणतात," काका म्हणाले. "डावा कान भिंतीकडे येईल अशी खुर्ची ठेवतात माझ्यासाठी. म्हणजे सगळे उजवीकडून बोलतात."

"घेता?"

"कॉफी." मग थोडं थांबून, "थंडीत कधी अर्धा ग्लास बिअर."

"आणि मला वास आला नाही?"

"बडीशेप."

दुपारनंतर बडीशेप चघळणारा नवरा काकूंनी कितीदा पाहिला होता, आणि पित्त वाढलंय म्हणून त्याच्या चहातली साखर कमी केली होती. फसवणुकीपेक्षा हे जास्त झोंबलं.

"आणि बातमी कशाला फोडलीत?"

"फोडली कुठे? कळवली. आपण कोणाच्या घरी जायचं तर आधी फोन करतो ना? रोज त्यांच्या खुर्चीत बसायचं आणि त्यांच्यावर न सांगता माणूस पाठवायचा, बरं दिसतं का ते? मी नुसतं म्हणायचो, आज पालिकेचा माणूस येतोय म्हणे, जरा सांभाळा."

"तक्रार कोणाची, ते सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"लाज वाटली."

"माझी?"

काका बुटाची नाडी गुंडाळत राहिले.

"तुमच्या या शिष्टाचारापायी लेकीचं बाळंतपण अडलंय, कळतंय का?"

"ती आवाजामुळेच येत नाही, असं तुला नक्की वाटतं?"

"मग कशामुळे?"

"ते तिलाच विचार."

"विषय बदलू नका," काकू म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

पुढचे काही दिवस घरात दोन माणसं आणि एक अबोला राहत होता. काकू ताट वाढून ठेवत, काका जेवून ताट घासून ठेवत. या काळात काकूंनी गेल्या कितीतरी दुपारी एकेक करून दिव्यावर धरल्या. परवा आणलेला तो नवा मफलर खरंच सेलमध्ये मिळाला होता? शेजारच्या गल्लीतल्या घटस्फोटाची बातमी काकांना कोणी सांगितली होती? पेपरात तर आली नव्हती. सगळ्या दुपारींवर तोच एक डाग होता आणि तो त्यांना दिसला नव्हता, कारण त्या बाजूला त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

मग बारला पालिकेची नोटीस गेली. त्या दुपारी काका लवकर परतले, पडल्या चेहऱ्याने. "सांगितलं मी मालकाला," ते म्हणाले. "म्हटलं, तक्रार माझ्या बायकोने केली होती. ती भिंत आमची."

"मग? आता खुर्ची गेली तुमची?"

"माहीत नाही. उद्या तो इथे येणार आहे."

काकूंनी मनात जो मालक रंगवला होता त्याच्या गळ्यात जाड साखळी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात उभा राहिला तो हडकुळा, दोरीला बांधलेला चष्मा छातीवर लोंबणारा, भूगोलाच्या मास्तरासारखा माणूस. त्याच्या मागे काका, स्वतःच्याच घरी पाहुणे आल्यासारखे. काकूंनी दाराची साखळी काढली नाही. फटीतूनच बोलल्या.

"काय पाहिजे?"

"मला एकदा तुमच्या बाजूने ऐकायचंय."

"ऐकून काय करणार?"

"ऐकल्याशिवाय कसं सांगू?"

उत्तर बिनचूक होतं, म्हणून काकूंना आणखी शंका आली. तरी साखळी काढली. "बूट बाहेर," त्या म्हणाल्या. त्याने काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. बायको नसावी, काकूंनी मनात टिपलं, किंवा असून बोलत नसावी.

झोपायच्या खोलीत येऊन त्याने खाली फोन करून गाणं लावायला सांगितलं. ठोके सुरू झाले. त्याने भिंतीला तळवा लावला, मग कान. कपाटातल्या वाट्यांकडे बघितलं. मग कोणी न म्हणता पलंगाच्या कडेवर बसला.

"हे असं रोज?"

"सोमवारी सुट्टी असते तुमची."

"मला गोदामवाल्याने सांगितलं होतं, पलीकडे जिना आहे. मी स्पीकर याच भिंतीला ठोकलेत." तो काकांकडे वळला. "ड्रायव्हरसाहेब, इतके दिवस तुम्ही माझ्याकडे बसताय. एक अक्षर बोलला नाहीत."

"ते आमच्याकडेही बोलले नाहीत," काकू म्हणाल्या.

दोघांनी काकांकडे बघितलं. काका छताला ओल आलीय का ते तपासत होते.

स्पीकर समोरच्या भिंतीकडे नेऊन रबराच्या पायांवर उभे करतो, मालक म्हणाला. बाटल्या सकाळी, लोक कामाला निघतात तेव्हा ओतू.

"नोटिशीमुळे करताय की मनापासून?"

त्याने विचार केला. "नोटिशीमुळे. पण आता ऐकलंय, त्यामुळे थोडं मनापासूनही."

काकूंना हे बोलणं पटलं. तरी त्यांनी त्याला चहा विचारला नाही. विचारला असता तर तो पुन्हा आला असता.

आठवडाभरात भिंत गप्प झाली. अगदी मुकी नाही, पण वाट्या जागच्या जागी राहू लागल्या. काकू रोज संध्याकाळी भिंतीला तळवा लावून बघत. नोटिशीची मुदत टळली की सुरू करेल, असं त्यांचं म्हणणं होतं. पण शनिवारची संध्याकाळ उलटून गेली आणि तळव्याला काही लागलं नाही, तेव्हा त्यांनी लेकीला फोन लावला आणि फोन भिंतीला टेकवला.

"ऐक. काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"आज शनिवार आहे. बंद करायला लावलं मी. आता सांग, कधी येतेस?"

पलीकडे लेकीने दार लावल्याचा आवाज आला.

"आई, एक बोलू? चिडू नकोस."

"बोल."

"मागच्या वेळी मी आवाजामुळे नाही गेले."

काकू पलंगावर बसल्या.

"तू सारखी दार ढकलून बघत होतीस, मी झोपलेय का. माझा फोन वाजला की भाजी चिरायची थांबायचीस. मी आंघोळीला गेले तर माझी उशी उलटून बघितलीस."

काकूंनी नाकारलं नाही. उशी बघितली होती. ओली होती.

"मग जावयांना फोन करून विचारलंस, तुमचं काही बिनसलंय का म्हणून."

"बिनसलं होतं ना?"

"होतं," लेक म्हणाली. "तू बरोबरच ओळखलंस. पण मला तेव्हा कोणाला काही सांगायचं नव्हतं गं. नुसतं येऊन पडायचं होतं. आता मिटलंय सगळं. पण इथे सासूबाईंच्या मागच्या खोलीत दार लावलं की लागतं. कोणी येत नाही."

"मग बारचं नाव कशाला घेतलंस?"

"तुझं कसं घेऊ?"

काकूंच्या हातातला फोन गरम झाला होता. त्यांनी तो दुसऱ्या कानाला लावला.

"बाबांना हे माहीत होतं?"

"हो. त्यांनी विचारलं नाही, म्हणून सांगितलं."

आता दार ढकलणार नाही, असं म्हणणं सोपं होतं. लॉन्ड्रीत अशा पुष्कळ चादरी येत, वरून स्वच्छ. काकूंना ते म्हणवेना.

"माझ्या डोळ्यांना दिसतं," शेवटी त्या म्हणाल्या. "ते मी बंद करू शकत नाही. पण विचारणार नाही. तुलाही नाही, जावयांनाही नाही. एवढं जमेल बहुतेक."

"बहुतेक?"

"बहुतेकच. खोटं कशाला बोलू?"

लेक हसली की तिने नाक ओढलं, हे काकूंना कळलं नाही, आणि जाणून घ्यायचं त्यांनी टाळलं. लेक म्हणाली, "बाबांना दे फोन."

काका फोन घेऊन झोपायच्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. काकू स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. दार जुनं, फळ्या पातळ. आणि काकांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोनवर मोठ्याने बोलत. एका जागी स्थिर उभं राहिलं तर निम्मं तरी कळलं असतं. "हो," असं एकदा ऐकू आलं. मग "तिचं तसं नाही गं," असं. पुढचं वाक्य सुरू झालं तसा काकूंनी नळ पूर्ण सोडला. ओट्यावर घासायचं काही नव्हतं. त्यांनी फडताळातली घासलेली पातेली काढली आणि एकात एक आपटत पुन्हा घासायला घेतली. स्टीलच्या पातेल्यांनी घर दणाणलं.

काका बाहेर आले तेव्हा त्या पाठमोऱ्या होत्या. काका दारात उभे राहिले. नेहमी या वेळेपर्यंत तीन प्रश्न येऊन गेलेले असत. आज एकही येईना. शेवटी त्यांनी स्वतःच घसा खाकरला.

"पलंग कुठे लावायचा? ती म्हणतेय, मागच्यासारखा भिंतीला लागून नको."

काकूंनी नळ बंद केला. हात पुसले.

"खोलीच्या मधोमध लावा," त्या म्हणाल्या. "त्या बारवाल्याचा काय भरवसा." मग पातेलं उपडं घालत, काकांकडे न बघता म्हणाल्या, "आणि खोलीच्या दाराला आतून कडी बसवून घ्या. ती यायच्या आत."